‘अर्धी रोझरी चालत नाही’ हे कुणी सांगितलं?

घरी मुलांना रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) शिकवताना एक समज हमखास डोकं वर काढतो: मरियामातेनं ही प्रार्थना संत डॉमिनिक यांना आजच्याच रूपात दिली, म्हणून मुलानं पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे गट) बिनचूक म्हटली पाहिजेत. मध्येच जांभई आली की सगळं वाया!

डॉमिनिक वारले १२२१ मध्ये; ही कथा पसरली ती पंधराव्या शतकात. श्रद्धेनं जरूर सांगा, पण नियम म्हणून नको.

दशकातल्या प्रत्येक मण्यावर म्हणायची ‘नमो मरिया’च घ्या. पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातला: गाब्रिएल दूताचं अभिवादन (१:२८) आणि एलिझाबेथचे उद्गार (१:४२). कित्येक शतकं लोक एवढंच म्हणत. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हा उत्तरार्ध मागाहून जोडला गेला. आजचा पाठ पक्का झाला १५६८ च्या रोमन ब्रेव्हिअरीत (धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनांच्या पुस्तकात). रोझरी म्हणताना येशूच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांवर मनन करतात, त्यांतली ‘प्रकाशाची रहस्यं’ तर २००२ ची. म्हणजे ‘अर्धी चालत नाही’ असा जिचा आपण धाक घालतो, ती प्रार्थनाच टप्प्याटप्प्यानं वाढली आहे.

चार वर्षांच्या मुलाला एक मणी पुरे. प्रार्थना तुम्ही म्हणा, ‘आमेन’ त्याचं. तेही ते ओरडूनच म्हणतं, म्हणू द्या.

क्रूसाची खूण मात्र समोर बसून शिकवू नका. कपाळ आणि छाती जमते. खांद्यांपाशी मूल आरशातल्यासारखं तुमची नक्कल करतं आणि डाव्याऐवजी उजवा खांदा आधी येतो. शेजारी बसा, किंवा मागून त्याचा उजवा हात धरा.