संगमरवर की गारगोटी? फिश टँकमध्ये ठेवायच्या पांढऱ्या दगडाची पारख

बाहेरून उचलून आणलेला पांढरा, गुळगुळीत गोटा फिश टँकमध्ये उठून दिसतो, म्हणून बहुतेकांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. हा गोटा बहुधा दोनांपैकी एका जातीचा असतो: संगमरवर किंवा गारगोटी. पाण्याच्या प्रवाहात घासून दोन्ही सारखेच गोल होतात आणि दोन्हींवर पिवळसर किंवा तांबूस डाग असू शकतात. हातात तोलून पाहिले तरी भेद कळत नाही, कारण संगमरवरातील कॅल्साइटची घनता सुमारे 2.71, तर गारगोटीतील क्वार्ट्झची 2.65 आहे. पाण्यातील त्यांचे वर्तन मात्र इतके वेगळे आहे की रंगरूपावरून निवड करण्यात अर्थ नाही.

गारगोटी म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. टाकीच्या पाण्यात ती विरघळत नाही असे म्हणण्यास हरकत नाही. पाण्याच्या रसायनाच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी असते. संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतरित झालेला चुनखडक, म्हणजेच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्यावर हळूहळू क्रिया करतो आणि त्यातून विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. परिणामी पाण्याची कठीणता, म्हणजे जीएच, वाढते. क्षारता, म्हणजे केएच, वाढते आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, हाही वर सरकतो. पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडला जात असेल, तर ही क्रिया अधिक वेगाने चालते. मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातही दगड जास्त विरघळतो. उलट मुळातच कठीण असलेल्या पाण्यात त्याचा फरक फारसा जाणवतही नाही.

ओळखीची पहिली आणि माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह खूण कठीणपणाची आहे. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 अंकांत सांगणाऱ्या मोहस यांच्या श्रेणीत कॅल्साइट 3 वर आणि क्वार्ट्झ 7 वर आहे, तर साधी काच आणि चाकूचे पाते या दोहोंच्या मध्ये, साडेपाचच्या आसपास येते. त्यामुळे चाकूच्या टोकाने संगमरवरावर ओरखडा उमटतो आणि पांढरी भुकटी निघते. गारगोटीवर तो उमटत नाही, उलट गारगोटीची कडच काचेवर रेघ मारते. (काच जुन्या बाटलीची घ्यावी, टाकीची नव्हे.) येथे एक फसगत संभवते. गारगोटीवर चाकू दाबून ओढला की पात्याचाच धातू झिजून दगडावर करडी रेघ उठते आणि ती ओरखड्यासारखी दिसते. बोटाने घासून पाहावे: धातूची रेघ पुसट होते, खरा ओरखडा नखाला खाच म्हणून लागतो. ताजा तुटलेला भागही बरेच सांगतो. संगमरवरात साखरेच्या दाण्यांसारखे कण असतात आणि दगड फिरवताना त्यांचे सपाट पृष्ठभाग चमकतात; गारगोटी काचेसारखी वक्र फुटते आणि तिच्यात असे सपाट पृष्ठभाग दिसत नाहीत.

व्हिनेगरची चाचणी, म्हणजे दगडावर व्हिनेगर टाकून कॅल्शियम कार्बोनेटची फसफस होते का ते पाहणे, सर्वांना ठाऊक असते, पण ती करण्याची पद्धत बऱ्याचदा सदोष असते. व्हिनेगर हे सौम्य आम्ल आहे, त्यामुळे संगमरवरावरही फसफस जोरात होईलच असे नाही. कधीकधी भिंगातून पाहिल्यावरच एका जागेवरून सतत निघणारे बारीक बुडबुडे दिसतात. याउलट कोरड्या, सच्छिद्र दगडावर काहीही ओतले तरी छिद्रांतील हवा बाहेर पडते आणि निर्धोक दगडही संशयित ठरतो. म्हणून दगड आधी साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, हवेचे बुडबुडे थांबू द्यावेत आणि मग पुसून त्यावर व्हिनेगर टाकावे. शक्यतो ताज्या तुटलेल्या भागावर किंवा खरवडून काढलेल्या भुकटीवर चाचणी करावी, कारण पॉलिश, मेण किंवा राळेचा थर आम्लाला आत पोहोचू देत नाही. काही संगमरवर डोलोमाइटचे असतात; त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते आणि त्याचा अखंड तुकडा थंड व्हिनेगरला जवळजवळ दाद देत नाही, भुकटी केल्यावर मात्र देतो. शिवाय एकाच दगडात विरघळणारी आणि न विरघळणारी अशी दोन्ही प्रकारची खनिजे असू शकतात. बेसॉल्टसारख्या काळ्या, निरुपद्रवी खडकाच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले आढळते आणि चुनखडकातून क्वार्ट्झच्या शिरा गेलेल्या असतात. एकाच ठिकाणी थेंब टाकून निकाल देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शंका उरलीच तर पाण्यालाच विचारावे. दोन स्वच्छ बादल्यांत सारखेच, शक्यतो आरओचे, म्हणजे क्षार काढून टाकलेले, पाणी घ्यावे, एकीत दगड ठेवावा, दुसरी तशीच ठेवावी आणि एक-दोन आठवड्यांनी दोन्हींचे जीएच, केएच आणि सामू मोजावेत. दुसऱ्या बादलीशिवाय या मोजणीला अर्थ नाही, कारण नुसते उघडे ठेवलेल्या पाण्याचा सामूही बदलतो.

चाचणीत संगमरवर निघाला म्हणजे तो विषारी ठरला, असे नाही. आफ्रिकेतील मलावी आणि टांगानिका सरोवरांतील सिक्लिड मासे कठीण, अल्कधर्मी पाण्यातलेच आहेत. त्यांच्या टाकीत चुनखडक मुद्दाम ठेवतात. गप्पी आणि मोली यांनाही कठीण पाणी मानवते. अडचण डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रासारख्या, मृदू पाण्यातून आलेल्या माशांची होते. सामू वाढण्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही: 25 अंश सेल्सियसला सामू 7 असताना पाण्यातील एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तर सामू 8 झाल्यावर तो पाच टक्क्यांच्या वर जातो. नव्या, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंची पुरेशी वाढ न झालेल्या टाकीत हा फरक माशांच्या जिवावर बेतू शकतो.

गारगोटीलाही डोळे झाकून स्वीकारू नये. क्वार्ट्झच्या शिरांमध्ये धातूंची खनिजे असू शकतात आणि त्यांतील पायराइट (लोखंडाचे खनिज) किंवा गॅलेना (शिशाचे खनिज) व्हिनेगरने ओळखता येत नाहीत. दगडात धातूसारखी चकाकणारी रेषा किंवा तांब्याची हिरवी-निळी झाक दिसली तर तो बाजूला ठेवावा. तांबे कोळंबी आणि गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही घातक असते. गारगोटी फोडून वापरायची असेल तर तिच्या धारदार कडा आधी घासून बोथट कराव्यात. निर्जंतुक करण्यासाठी कोणताही दगड ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने घासून त्यावर उकळते पाणी ओतणे पुरेसे असते.