ऑक्सिमीटरवर ९९, तरी चक्कर का?

२१ जून जवळ आला की मुंबईतल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या आवारांत श्वासाचे वर्ग भरू लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर योग, आरोग्य, वेलनेस हे विषय पदवीच्या श्रेयांकांतही आले, त्यामुळे आता हे सगळं एका दिवसापुरतं राहिलेलं नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. लोकल आणि परीक्षा यांच्यात पिळून निघणाऱ्या मुलांना स्वतःच्या शरीराकडे बघायला तासभर मिळतो, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्या तासात काय सांगितलं जातं याची काळजीही वाटते.

यंदा अशाच एका वर्गात मी मागे सतरंजीवर बसले होते. बाहेर पाऊस, खिडक्या लावलेल्या, साठेक मुलं. शिकवणारे सर म्हणाले, "आपण उथळ श्वास घेतो म्हणून शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. जोरात, भरभर, खोल श्वास घ्या. पेशीपेशीत ऑक्सिजन भरा." दोन-तीन मिनिटं भाता चालला. माझ्या पुढची मुलगी एकदम थांबली. तिची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती, मनगट आत वळलं होतं, अंगठा तळव्यात गेला होता. "मॅडम, हाताला मुंग्या आल्यात. ओठ पण बधिर झालेत, गरगरतंय." सर म्हणाले, ऊर्जा जागी होतेय, थांबू नकोस. कुणीतरी बॅगेतून कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला. आकडा आला ९९.

मी तिला म्हटलं, "बाळ, थांब. तोंड मीट आणि नेहमीसारखा श्वास घे." काही मिनिटांत बोटं सुटली.

निरोगी माणूस नुसता बसलेला असतानाही त्याचं हिमोग्लोबिन ९५ ते ९९ टक्के भरलेलंच असतं. १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला धरून असतो. पाण्यात साखर विरघळावी तसा रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर. म्हणजे भांडं आधीच काठोकाठ आहे. कितीही जोरात हवा ओढा, आत जास्तीचं फारसं काही जात नाही.

बाहेर मात्र पुष्कळ जातं, ते म्हणजे कार्बन डायऑक्साइड. शाळेत आपण त्याला टाकाऊ वायू म्हणून निकालात काढलं. प्रत्यक्षात श्वासाची लगाम त्याच्याच हातात असते. हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच ते दाखवून दिलं. नाक दाबून बसलं की थोड्या वेळाने जी तगमग होते, ती मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या साधारण ४० मिलिमीटर असतो. भरभर श्वासाने तो घसरतो, आणि दर मिलिमीटरमागे मेंदूकडचा रक्तप्रवाह दोन-तीन टक्क्यांनी आटतो, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्या या वायूच्या जोरावरच मोकळ्या राहतात. त्यात भर म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सोडायला तयार होत नाही. हा बोर परिणाम. १९०४ साली तो मांडणारे क्रिस्तियन बोर म्हणजे अणूच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या नील्स बोर यांचे वडील. शिवाय रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, चेतातंतू विनाकारण चाळवतात. मुंग्या आणि वाकडी बोटं त्यातून. बोटावर ९९ दिसत असताना मेंदूला मिळणारा ऑक्सिजन कमी झालेला असतो.

मग प्राणायामाने बरं वाटतं ते खोटं का? अजिबात नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते मला फार आवडतं. जरा किचकट आहे, सावकाश वाचा.

जबड्याच्या कोनाखाली मानेत जिथे ठोके हाताला लागतात, तिथे धमनी किंचित फुगीर असते. तिच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. अशीच दुसरी चौकी महाधमनीच्या कमानीत आहे. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते, खबर मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या अगदी तळच्या भागात पोचते आणि तिथून दोन हुकूम सुटतात. एक व्हेगस चेतेतून हृदयाला: सावकाश. त्याची अंमलबजावणी पुढच्या ठोक्यापर्यंत होते. दुसरा अनुकंपी, म्हणजे शरीराला सावध करणाऱ्या, चेतांमार्फत रक्तवाहिन्यांना: सैल व्हा. पण रक्तवाहिन्यांचे स्नायू संथ असतात, त्यांना काही सेकंद लागतात.

या उशिरातच सगळी गंमत आहे. गीझरच्या पाण्याचं आठवा. नळ फिरवला तरी गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर आपण तो आणखी फिरवतो. मग चटका बसतो, उलटा फिरवतो, की गार. रक्तदाबाचंही तसंच. दुरुस्ती उशिरा पोचते, म्हणून दाब थोडा वर जातो, थोडा खाली येतो, आणि साधारण दहा सेकंदांत एक हेलकावा पुरा होतो. आपण शांत बसलेलो असतानाही या लहरी चालू असतात.

आता श्वास. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभरेक ठोके देईल. व्हेगस लगाम खेचून धरते म्हणून ते सत्तरावर राहतं. श्वास आत घेताना ही लगाम सैल होते, सोडताना आवळली जाते. म्हणून श्वास घेताना नाडी भरभर आणि सोडताना संथ. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. एरवी आपण मिनिटाला पंधराच्या आसपास श्वास घेतो, म्हणजे चार सेकंदांना एक. दहा सेकंदांच्या त्या हेलकाव्याशी याचा मेळ बसत नाही. श्वास मिनिटाला सहावर आणला की एक श्वास दहा सेकंदांचा होतो आणि दोन्ही ताल जुळतात. झोपाळा नेमका परत फिरताना हात लावला तर हलक्या धक्क्यानेही झोका उंच जातो, तसं नाडीचं वरखाली होणं मोठं होतं आणि दाब सावरणारी ती यंत्रणा दर श्वासाला कामाला लागते.

इटलीत पाविया इथले संशोधक लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला जवळजवळ सहावरच आला आणि रक्तदाब सावरण्याची संवेदनक्षमता वाढली.

योगग्रंथांत दिवसाला २१,६०० श्वास सांगितले आहेत. १,४४० मिनिटांनी भागा, बरोबर १५ येतात. किती नीट मोजलंय! पण यावरून पुढे 'श्वास जन्मतःच मोजून मिळतात, सावकाश घेतले तर आयुष्य वाढतं' असं जे सांगितलं जातं, त्याला कसलाही आधार नाही. तान्हं बाळ मिनिटाला तीस ते साठ श्वास घेतं; त्याचा साठा कुठे संपतो? आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया क्ष-किरण आणि दाबमापकांसमोर आणल्या. वर्गात हेही सांगायला हवं. रक्तदाबावर संथ श्वासाचा परिणाम बेताचाच असतो, त्यावर गोळ्या बंद करू नयेत, हेही. आणि अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर भरभर श्वासाच्या वाटेला जाऊ नये, हे तर आधी.

पुढच्या आठवड्यात त्याच सरांनी मला पंधरा मिनिटं दिली, हा त्यांचा मोठेपणा. सगळ्यांना मनगटावर दोन बोटं ठेवायला लावली. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ती मुलगी म्हणाली, "मॅडम, सोडताना ठोके लांब लांब पडतायत!" तिच्या शेजारच्या मुलाला काहीच जाणवत नव्हतं. पाहिलं तर त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले, छाती फुटेस्तोवर भरलेली. असा ठासून घेतलेला श्वास संथ असला तरी कार्बन डायऑक्साइड उडवतोच. त्याचे खांदे खाली दाबून म्हटलं, "भरू नकोस रे, नुसता लांबव." त्याने डोळे मिटले, बोटं पुन्हा मनगटावर ठेवली आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागला.