एनजिनएक्समागे दोन सर्व्हर लावले, म्हणजे साइट पडत नाही?

एनजिनएक्स म्हणजे आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरांना वाटून देणारं सॉफ्टवेअर, आणि त्या सर्व्हरांची यादी म्हणजे अपस्ट्रीम. ‘अपस्ट्रीममध्ये दोन सर्व्हर लिहा, एक बंद पडला तर एनजिनएक्स स्वतः तपासून त्याला बाजूला काढतो’ हे अर्धसत्य आहे. ठरावीक वेळाने स्वतःहून विचारपूस करण्याची सोय विकतच्या प्लस आवृत्तीत मिळते. फुकटच्या आवृत्तीला सर्व्हर गेल्याचं कळतं ते खऱ्या ग्राहकाची विनंती फसल्यावरच. 10 सेकंदांत 1 अपयश आलं की पुढचे 10 सेकंद तो बाद. मग पुन्हा कुणाची तरी विनंती तिकडे जाते.

नुसतं ॲप बंद असेल तर जोडणी लगेच नाकारली जाते आणि विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे वळते, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. मशीनच बंद असेल तर मात्र उत्तरच येत नाही. प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट, म्हणजे जोडणीसाठी थांबायची मर्यादा, मुळात 60 सेकंद असतो. तेवढा वेळ कोण थांबणार? अंतर्गत नेटवर्कवर तो 2-3 सेकंदांवर आणा.

खरी गोम पुढे आहे. ॲप 500 (सर्व्हरच्या आतल्या बिघाडाचा एरर कोड) देत असेल तर ते अपयश धरलंच जात नाही. त्यात लीस्ट कनेक्शन पद्धत (सगळ्यात कमी जोडण्या चालू असलेल्या सर्व्हरला पुढची विनंती) लावली असेल, तर झटपट एरर फेकणारा सर्व्हर सगळ्यात मोकळा दिसतो आणि जास्त ट्रॅफिक त्याच्याकडेच जातं! विनंती कधी पुढच्या सर्व्हरकडे वळवायची हे ठरवणाऱ्या प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम सेटिंगमध्ये एरर व टाइमआउटसोबत 500, 502, 503 हेही लिहा. पाठवून झालेली पोस्ट विनंती (ऑर्डरसारखी माहिती सर्व्हरला देणारी) तरीही दुसरीकडे जात नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जायचे.

फुकटात सक्रिय तपासणी, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतःहून विचारपूस, हवी असेल तर एचएप्रॉक्सी हे विनंत्या वाटणारं दुसरं सॉफ्टवेअर घ्या. सर्व्हरच्या ओळीत ‘चेक’ लिहिलं की दर 2 सेकंदांनी तपासणी, सलग 3 अपयशांनंतर बाद.