ग्राफीन की नॅनोट्यूब? ट्रान्झिस्टरमध्ये कोणाची जागा कुठे

दोन्ही कार्बनचेच आणि दोन्हींत अणूंची तीच षटकोनी जाळी. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत प्रोजेक्ट करताना ‘ग्राफीन नाही, तर नॅनोट्यूब घालू’ असा विचार सहज येतो. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. दोघांना आपापलं काम दिलं, तर मात्र जोडी छान जमते.

ग्राफीन हा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. गाइम आणि नोवोसेलोव या भौतिकशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटपासून सोडवला तो हाच. वीज उत्तम वाहते, पण बँड गॅप (वाहण्याआधी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) नसल्याने ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही. त्याच पापुद्र्याची सुरळी म्हणजे नॅनोट्यूब. एकभिंती नळीचा व्यास साधारण 1 ते 2 नॅनोमीटर. सुरळी कोणत्या कोनात वळली, त्यावर तिचे गुण ठरतात. न निवडलेल्या मालात साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या, उरलेल्या अर्धवाहक.

म्हणून सोर्स आणि ड्रेन (प्रवाह आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं टोक) ग्राफीनचे, मधलं चॅनेल (चालू-बंद होणारी वाट) निवडलेल्या अर्धवाहक नळ्यांचं. ग्राफीन तांब्याच्या फॉइलवर वाढवलेलं घ्या. बाटलीतली ‘ग्राफीन पावडर’ बहुतेकदा अनेक थरांचे तुकडे असते, ती इथे कामाची नाही. ग्राफीनवर आधाराला पीएमएमए या प्लास्टिकचा थर द्या, अमोनियम परसल्फेटमध्ये तांबं विरघळवा, डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात दोन-तीनदा धुवा, सिलिकॉन ऑक्साइडच्या वेफरवर उचला, मग ॲसिटोनने पीएमएमए काढा. इथे घाई केली की पीएमएमए थोडा मागे राहतो आणि संपर्काचा रोध वाढतो.

पुढचा क्रम चुकवू नका. ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) आधी ग्राफीन कापून घ्या, नळ्यांची शाई (द्रवात पसरवलेल्या नळ्या) त्यानंतरच. उघड्या नळ्यांवर प्लाझ्मा मारला तर त्याही जळतात. शाई सोनिकेट करताना (ध्वनिलहरींनी नळ्या सुट्या करताना) भांडं बर्फात ठेवा आणि वेळ आवरता घ्या. जास्त वेळ दिला की नळ्या तुटतात, नळ्यांमधले सांधे वाढतात, प्रवाह घटतो. चॅनेलची लांबी नळीपेक्षा जास्त हवी, नाहीतर एकच धातूसारखी नळी दोन्ही टोकं जोडते आणि ट्रान्झिस्टर कायमचा चालू राहतो. शेवटी शाईतला सर्फॅक्टंट (नळ्या सुट्या ठेवणारा साबणासारखा पदार्थ) नीट धुवून काढा.

नवी मुंबईत जुलैमध्ये उघड्या हवेत मोजमाप घेतलं, तर गेटचं (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या टोकाचं) व्होल्टेज वर नेतानाची प्रवाहाची रेघ आणि खाली आणतानाची रेघ एकमेकींवर बसत नाहीत. नळ्या बिघडलेल्या नसतात. ऑक्साइडवर आणि नळ्यांभोवती साचलेलं पाणी विद्युतभार पकडून ठेवतं. व्हॅक्यूममध्ये तापवा आणि हवा लागायच्या आत पीएमएमएचं आवरण द्या. फरक बराच कमी होतो.

सुपरकपॅसिटरमध्ये (पृष्ठभागावर आयन जमवून वीज साठवणाऱ्या साधनात) मात्र ही निवडानिवड लागत नाही. तिथे ग्राफीनचे पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटून पृष्ठभाग वाया जातो; मध्ये स्वस्त बहुभिंती नळ्या मिसळल्या की फटी राहतात आणि आयन आत पोचतात.