नागपूरचा मे महिना, चिखलदऱ्याची हवा आणि हेलिकॉप्टरची राखीव शक्ती

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरले आणि अनेक कुटुंबांना उरलेली रात्र वरच्या मजल्यावर काढावी लागली. बचाव पथकांच्या बोटी गल्ल्यांमधून फिरत होत्या. तेव्हापासून एक प्रश्न मला नागपुरात वारंवार ऐकावा लागला आहे: "हेलिकॉप्टर का नाही आले?" हेलिकॉप्टर म्हणजे कोठेही, केव्हाही अधांतरी थांबून दोर सोडणारे यंत्र असून त्याला अडवतात ती केवळ नियमांची कलमे आणि साहेबांची सही, असा समज या प्रश्नामागे असतो. सहीला उशीर होतो हे मी नाकारणार नाही. मात्र अंधार, गडगडणारे ढग आणि दाट वस्तीतील विजेच्या तारा पाहता त्या रात्री बोट हेच योग्य वाहन होते, आणि ज्या नियमांना आपण आडमुठे म्हणतो त्यांतील बहुतेक नियम हवेच्या गुणधर्मांवरून बेतलेले असतात.

हेलिकॉप्टर हवेत टिकते ते हवा खाली ढकलून. पाती जितकी हवा दर सेकंदाला खाली लोटतात, तितक्या प्रमाणात यंत्र वर उचलले जाते; शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथे पुरेसा आहे. एमआय-१७ या वायुसेनेच्या परिचित हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वर्तुळ सुमारे २१ मीटर व्यासाचे असते आणि पूर्ण भारासह त्याचे वजन १३ टनांपर्यंत जाते. एवढे वजन अधांतरी तोलण्यासाठी पात्यांमधून जाणाऱ्या हवेला सेकंदाला सुमारे १२ मीटर वेग द्यावा लागतो आणि ती खाली जाताना हा वेग जवळजवळ दुप्पट, म्हणजे ताशी ८५ ते ९० किलोमीटर होऊ शकतो. गच्चीवर हात हलवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हे वादळ उतरते. टिनाचे पत्रे उडतात, फांद्या मोडतात. झारखंडमधील देवघरजवळ एप्रिल २०२२ मध्ये त्रिकूट पर्वतावरील रोपवे अडकला तेव्हा याच झोताने ट्रॉल्या हेलकावे खात होत्या.

आता हवेच्या घनतेकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो भरते, आणि विमानशास्त्राची सारी कोष्टके या प्रमाण हवेवर आधारलेली असतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की येथील एक घनमीटर हवेचे वजन १.०७ किलोच्या आसपास येते. कोष्टकात इतकी विरळ हवा सुमारे १४०० मीटर उंचीवर सापडते. म्हणजे सोनेगावच्या विमानतळावर उन्हात उभे असलेले हेलिकॉप्टर, त्याच्या पात्यांच्या दृष्टीने, चिखलदऱ्याहूनही उंच जागी उभे असते. आपण घामाघूम होऊन सपाटीवर उभे आहोत ही आपली समजूत. पात्यांना फक्त हवेची घनता कळते.

हवा विरळ झाली की दुहेरी फटका बसतो. अधांतरी राहण्यासाठी हवेला द्यावी लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते आणि घनता वाढली तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणून घनता सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली तर शक्तीची गरज सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. नेमक्या त्याच वेळी इंजिनाची शक्ती कमी होते, कारण इंजिनात शिरणाऱ्या हवेचे आकारमान तेच राहिले तरी तिचे वजन घटलेले असते. खर्च वाढला आणि उत्पन्न घटले अशा संसारासारखी ही स्थिती आहे, आणि इंजिन देऊ शकते ती शक्ती आणि लागणारी शक्ती यांच्यामध्ये जे उरते त्याला वैमानिक राखीव शक्ती म्हणतात. पावसाळ्यात उकाडा कमी होतो, पण दमटपणा वाढतो, आणि दमट हवा जड असते हा आपला अनुभव येथे फसवा ठरतो: पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा हलका असल्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा एक-दीड टक्क्याने हलकीच असते.

राखीव शक्तीची खरी परीक्षा बचावाच्या क्षणीच होते. हेलिकॉप्टर पुढे जात असताना पात्यांना सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि शक्ती कमी लागते. एका जागी थांबणे हा सर्वांत महागडा प्रकार. जमिनीजवळ, पात्यांच्या व्यासाच्या निम्म्या उंचीवर, खाली गेलेली हवा जमिनीला आपटून पसरते आणि थोडा आधार मिळतो. झाडाच्या शेंड्यावरून किंवा कड्याच्या टोकावरून माणूस उचलताना हा आधार नसतो. केरळात २०१८ च्या ऑगस्टमधील पुरात नौदलाच्या वैमानिकांनी घराच्या गच्चीवर चाके जेमतेम टेकवून, बहुतेक भार पात्यांवरच तोलून माणसे आत घेतली, कारण पूर्ण वजन टाकले असते तर स्लॅब खचला असता. त्या दृश्याचे कौतुक झाले ते योग्यच होते, पण त्यामागे काटेकोर हिशेब होता हे फारसे कोणी सांगितले नाही.

याहून वाईट अवस्था म्हणजे स्वतःच ढकललेल्या हवेत बुडणे. पुढचा वेग जवळजवळ नसताना वैमानिक घाईने सरळ खाली येऊ लागला, तर पात्यांच्या कडेने वर आलेली हवा पुन्हा पात्यांतच ओढली जाते, कड्यासारखा भोवरा तयार होतो आणि इंजिनाची शक्ती वाढवली की यंत्र आणखी वेगाने खाली जाऊ लागते. यातून सुटण्यासाठी पुढे किंवा बाजूला सरकावे लागते आणि त्यासाठी खाली उंची शिल्लक असावी लागते. २ मे २०११ रोजी अबोटाबादच्या अंगणात अमेरिकी हेलिकॉप्टर कोसळले ते अशाच प्रकारे, उंच भिंतींनी कोंडलेल्या आणि अपेक्षेहून उष्ण हवेत, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. "हळू उतरा" या नियमाला म्हणूनच रुग्णाच्या प्रकृतीमुळे सूट मिळू शकत नाही.

उड्डाणापूर्वी नारळ फोडण्याला माझा विरोध नाही, मात्र नारळाने घनता वाढत नाही, आणि चाकाखाली ठेवलेल्या लिंबाने तर इंजिनाला ढिम्म काही कळत नाही. तितकाच सावधपणा 'गोल्डन अवर', म्हणजे जखमीला पहिल्या तासातच उपचार मिळायला हवेत, या शब्दाबाबतही हवा. जखमीला लवकर उपचार मिळणे महत्त्वाचे असतेच, पण नेमक्या ६० मिनिटांची सीमा कोणत्याही ठोस मोजणीतून निघालेली नाही, तरीही ती वैमानिकाच्या डोक्यावर टांगली जाते. अमेरिकेत जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या काळात वैद्यकीय हवाई सेवेचे ५५ अपघात होऊन ५४ माणसे मरण पावली. तेथील अनेक सेवा वैमानिकाला रुग्णाचे वय आणि प्रकृती मुद्दाम सांगत नाहीत. लहान मूल आहे हे कळले की ढग थोडे विरळ दिसू लागतात. जायचे की नाही हे हवामान आणि यंत्र पाहून ठरते, आणि पथकातील एकाने नकार दिला तरी उड्डाण रद्द होते.

आपल्याकडे २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडात खराब हवामानात गौरीकुंडजवळ वायुसेनेचे एमआय-१७ कोसळले आणि आतील वीसही जण गेले. ते सर्व बचावासाठीच आलेले होते. त्रिकूटला अंधार पडताच हेलिकॉप्टरांचे काम थांबवले गेले आणि माणसे आणखी एक रात्र ट्रॉल्यांत लटकत राहिली. खाली उभ्या असलेल्या नातेवाइकांचा संताप मला समजतो. तरीही दिवसाउजेडी, निष्णात हातांनी वर घेतानासुद्धा तेथे दोघे जण खाली पडून दगावले, हे लक्षात घेतले तर रात्रीचा निर्णय क्रूर वाटत नाही.

मग घाई दाखवायची कोठे? वजनात. दीड घाताच्या त्या नियमामुळे वजन १० टक्क्यांनी घटवले तर अधांतरी राहण्याची शक्ती जवळजवळ १५ टक्क्यांनी वाचते. इंधन मोजून भरणे, आसने उतरवणे, कॅमेरेवाल्यांना आणि पुढाऱ्यांना खालीच ठेवणे, पहाटेच्या थंड हवेत पहिली फेरी मारणे आणि एका मोठ्या खेपेऐवजी चार लहान खेपा करणे, ही सारी घाई नियमात बसते.

युद्धातील पहिला हेलिकॉप्टर बचाव असाच झाला होता. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फौजांच्या मागे एक अमेरिकी वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक अडकले होते. कार्टर हारमन या तरुण वैमानिकाकडील सिकोर्स्की हेलिकॉप्टरचे इंजिन बेताच्याच शक्तीचे होते, आणि त्या उष्ण, दमट हवेत ते एका वेळी एकच माणूस उचलू शकत होते. दोन खेपांनंतर इंजिन तापून बंद पडले. शत्रू जवळ होता, दोघे अजून जंगलात होते, आणि हारमनने रात्रभर इंजिन निवू दिले. दुसऱ्या दिवशी, २६ एप्रिलला, त्याने उरलेल्या दोघांना एकेक करून बाहेर आणले.