पेव : नाल्याकाठचं फूल आणि त्याची उसनी नावं

पोळ्याच्या सुमारास गडचिरोली-चंद्रपूरकडच्या रानात नाहीतर मेळघाटात नाल्याच्या कडेनं चालत गेलं, की सावलीत गडद लाल कणसं दिसतात. जवळ जाऊन पाहावं तर त्यातल्या एखाद्या लाल खवल्याआडून पांढरं फूल बाहेर आलेलं असतं. चुरगळलेल्या तलम कापडासारखं, आत घशाशी पिवळसर. ते दिवसभरात मलूल होतं. कणसाचा लाल रंग मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. दांडा पीळ घेत वर चढतो आणि पानं त्याच्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. पान उलटून खालून बोट फिरवा, मखमल लागते.

हे पेव. जमिनीत ज्वारी साठवायच्या बळदालाही आपल्याकडे पेवच म्हणत, आणि ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्या धान्याच्या पेवाचा. नाव एक, वस्तू दोन. पण गावच्या माणसाची त्यात कधी गल्लत झाली नाही. गल्लत झाली ती बाहेरच्यांची.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य योहान कोनिग १७६८ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला आला आणि पुढची बरीच वर्षं इकडच्या वनस्पती नोंदवत राहिला. त्यानं केलेलं पेवाचं वर्णन १७८३ मध्ये छापून आलं. जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यानं पेवाला ‘बँक्सिया’ म्हटलं होतं, पण ते नाव वर्षभर आधीच ऑस्ट्रेलियातल्या एका झुडपाला गेलेलं. मग १७९१ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं पेवाला ‘कोस्टस’ वंशात घातलं. हा ‘कोस्टस’ शब्द मुळात आपलाच, संस्कृतातल्या ‘कुष्ठ’ या शब्दाचं ग्रीक-लॅटिन रूप. पण कुष्ठ म्हणजे हिमालयातली सुवासिक मुळी, पेवाशी तिचं कसलंच नातं नाही. २००६ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून पेवाला पुन्हा त्या वंशातून बाहेर काढलं. आज त्याचं शास्त्रीय नाव ‘हेलेनिया स्पेसिओसा’ आहे.

मधल्या काळात कंदाला भाव आला. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या रानकंदांतल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवलं, आणि अशाच संप्रेरकांमधून पुढे गर्भनिरोधक गोळ्या आल्या. डायोसजेनिन पेवाच्या कंदातही असतं, म्हणून भारतात त्यावर बराच अभ्यास झाला. पण कंदच उपटला तर पुढच्या पावसाळ्यात फुटायला मागे काय राहणार?

आता नर्सऱ्यांमध्ये नवीनच घोळ सुरू आहे. ‘इन्सुलिनचं झाड’ म्हणून जे विकतात ते पेवाचं लांबचं भावंड, मूळ ब्राझीलचं. त्याचं फूल केशरी असतं. मधुमेहाच्या आशेनं लोक एकाऐवजी दुसरंच घरी नेतात आणि पानं चावत बसतात. तसं करू नका. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि पेव लावायचं तर फुलासाठी लावा.

अंगणात त्याला जागा कुठे द्यायची हे त्याच्या रानातल्या जागेवरूनच कळतं. आंब्याखालची किंवा घराच्या मागची सावली, आणि जिथे न्हाणीचं पाणी मुरतं अशी भुसभुशीत, पालापाचोळ्याची माती. दुपारचं ऊन त्याला सोसत नाही, तरी विदर्भातला उन्हाळा ते आरामात काढतं, कारण तोवर वरचं सगळं वाळून गेलेलं असतं आणि कंद जमिनीत झोपलेला असतो. मे महिन्यात कुंडी रिकामी दिसली म्हणून कितीतरी जणांनी ती उकिरड्यावर पालथी केली असेल. मृगाचा पाऊस पडून माती भिजू द्या. जाड, लालसर कोंब आपोआप वर येतात.

रानातून खणून आणायची काही गरज नाही. ज्याच्याकडे पेवाचं बेट आहे, त्याच्याकडून पावसाच्या तोंडावर बोटभर कंद मागून घ्या. डोळा असलेला तुकडा दोन बोटं खोल पुरला की पुरे. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्याकडेही शेजाऱ्याला देण्याइतकं होतं.