अणुइंधन, वापरलेले : किरणोत्सर्गाचा काळ

अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाचा किरणोत्सर्ग किती वर्षे टिकतो, याला एक आकडा नाही. इंधनात अनेक समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनाचे अणू) असतात आणि प्रत्येकाचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) निराळे : आयोडीन-१३१ चे ८ दिवस, सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे, प्लुटोनियम-२३९ चे सुमारे २४,१०० वर्षे, आयोडीन-१२९ चे दीड कोटी वर्षांहून अधिक. भट्टी बंद केल्यावरही इंधन तापतच राहते. सुरुवातीला ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६–७ टक्के असते, दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. म्हणून इंधन आधी काही वर्षे पाण्याखाली ठेवतात. पहिली तीनेकशे वर्षे सीझियम व स्ट्राँशियम-९० यांचा जोर असतो, नंतर प्लुटोनियम व अमेरिसियम यांचा.

धोका कधी संपला म्हणायचा, याबद्दल मतभेद आहेत. रूढ कसोटीनुसार, ते इंधन बनवायला लागलेल्या युरेनियम-खनिजाइतकीच विषारिता उरली की मुदत भरली. या हिशेबाने जसेच्या तसे पुरलेले इंधन साधारणपणे १ ते ३ लाख वर्षे घेते. युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतल्यास उरलेल्या कचऱ्याला सुमारे १० हजार वर्षे पुरतात. अमेरिसियमसारखी द्रव्येही वेगळी केल्यास काही शतके. हे आकडे सर्रास उद्धृत होतात, पण त्यांत सगळा पदार्थ माणसाच्या पोटात गेला असे गृहीत धरलेले असते. भूवैज्ञानिकांचा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो : प्लुटोनियम भूजलात फारच थोडे विरघळते, आयोडीन-१२९ मात्र पाण्याबरोबर सहज वाहत जाते. गॅबनमधील ओक्लो येथे (शोध १९७२) सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी चाललेल्या नैसर्गिक भट्ट्यांतील प्लुटोनियम बहुतांशी जागच्या जागीच राहिले असावे. अमेरिकेत युक्का मौंटन या वापरलेले इंधन पुरण्याच्या नियोजित जागेसाठीची सुरक्षिततेची १० हजार वर्षांची मुदत २००४ मध्ये न्यायालयाने नामंजूर केली. २००८ मध्ये ती १० लाख वर्षांपर्यंत वाढवण्यात आली.

भारतात इंधनावर पुनःप्रक्रिया करून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतात (तुर्भे, तारापूर, कल्पाक्कम) व उरलेला तीव्र किरणोत्सर्गी कचरा काचेत गोठवतात. त्यातून वेगळे काढलेले सीझियम काचेच्या कांड्यांत भरून रक्तपिशव्यांच्या किरणनासाठी वापरले जाते.

इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (१९८४, जुन्या नावावरून इंदूरकरांचे ‘कॅट’) अणुऊर्जा विभागाचे असल्याने तेथे अणुभट्टी असावी, असा समज होऊ शकतो. ती नाही. इंडस-१ व इंडस-२ या इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या तेथील यंत्रांमध्ये इलेक्ट्रॉन वळताना निघणारे किरण इलेक्ट्रॉनांची शलाका बंद करताच थांबतात. वापरलेल्या इंधनाला असे बटण नसते. प्रस्तुत विषयाशी केंद्राचा संबंध आहे तो दोन वाटांनी. प्रकाशतंतूतून लेसर नेऊन धातू कापण्याचे तेथील तंत्र अणुवीज केंद्रांच्या दुरुस्तीत वापरले गेले आहे. त्यामुळे कामगाराला किरणोत्सर्गापासून लांब राहता येते. दुसरी वाट प्रोटॉन-त्वरकांसाठीच्या (प्रोटॉनांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांसाठीच्या) अतिसंवाहक, म्हणजे विजेला जवळजवळ रोध न करणाऱ्या, पोकळ्यांची. अशा त्वरकाच्या जोरावर चालणाऱ्या भट्टीत दीर्घायुषी द्रव्ये अल्पायुषी करता येतील, अशी कल्पना आहे. व्यापारी पातळीवर अशी भट्टी अद्याप कोठेही चालत नाही.